हाताला कळेपर्यंत

जाड पाइप त्यानं मुठीत धरला आणि हाताला काहीच कळलं नाही. डोळ्यांना मात्र सगळं दिसत होतं. पाइपावर बारीक थेंब जमले होते, त्यातले दोन-तीन एकमेकांत मिसळून त्याच्या अंगठ्याशी येऊन अडले होते आणि एक थेंब मनगटावरून कोपराकडे निघालाही होता. म्हणजे पाइप गार झाला होता, चांगलाच गार. पण ही डोळ्यांची साक्ष झाली आणि या कामात त्यानं डोळ्यांची साक्ष कधी मानली नव्हती. त्यानं मूठ सोडली, तळवा पॅन्टला खसाखसा पुसला आणि पुन्हा धरला. लाकडाची काठी धरावी तसं वाटलं. डाव्या हातानं धरून पाहिलं. डावा हातही गप्प. दोन पावलांवर, सिलिंडर उलटा करून वजनकाट्यावर ठेवलेला होता आणि त्याच्याजवळ उकिडवी बसलेली त्याची जोडीदारीण व्हॉल्व्हच्या चकतीवर बोटं ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो "बस" म्हणेल आणि ती चकती फिरवेल, एवढंच आता उरलं होतं. "मास्तर?" ती म्हणाली. "बंद कर," तो म्हणाला, "जरा थांबू." तिनं चकती फिरवली. एकतीस वर्षांत गॅस भरताना तो मध्येच कधी थांबला नव्हता. तिनं काट्यावरचा आकडा वहीत उतरवून घेतला.

काम तसं साधं होतं. या वाचनालयाच्या गच्चीवर थंड हवेची चार मोठी यंत्रं होती आणि तिसऱ्याच्या पाइपाला जोडावर केसाएवढी चीर पडून त्यातला सगळा गॅस निघून गेला होता. काल दोघांनी साबणाचा फेस लावून चीर हुडकली आणि जोड पुन्हा पक्का केला. आज सकाळी पंप लावून आतली हवा ओढून काढली आणि अकराच्या सुमाराला गॅस भरायला घेतला. अडचण एकच होती. यंत्राच्या पोटावर जी पत्र्याची पाटी असते आणि जिच्यावर किती किलो गॅस ते कोरलेलं असतं, ती उन्हानं पार पांढरी झाली होती, आणि मध्यंतरी वाचनाची दालनं हलवताना पाइपही कुणीतरी लांबवून ठेवला होता. तेव्हा आठ किलोपर्यंत काटा सांगेल आणि त्यापुढचं मास्तरांचा हात सांगेल, हे दोघांनी न बोलता ठरवूनच टाकलं होतं. आता काट्यावर आठ किलो सहाशे ग्रॅम दिसत होते आणि हात काही सांगायला तयार नव्हता. गॅस कमी पडला तर खाली हवा गार होत नाही. जास्त झाला तर पातळ गॅस यंत्राच्या काळजात, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये, शिरतो आणि एखाद्या महिन्यात ते काळीज बसतं. या दोन्हीच्या मधली जी अरुंद जागा, ती शोधण्यावर त्याचं घर उभं राहिलं होतं, मुलगी शिकली होती आणि गावभर त्याचं नाव झालं होतं.

नाव म्हणजे खरं तर टोपणनाव. धंद्यातले लोक त्याला थर्मामीटर म्हणायचे. उस्तादानं त्याला शिकवताना डोळ्यांवर पंचा बांधून वेगवेगळ्या पाइपांवर हात ठेवायला लावले होते. "फ्रिजमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवलेलं दुधाचं पातेलं असतं ना, तेवढा गार पाहिजे जाड पाइप," उस्ताद म्हणायचा, "दहा मिनिटं ठेवलेलं नव्हे. दहा मिनिटांनी बायका चहाला घेतात ते." पोरगा घरी जाऊन रोज फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढायचा, घड्याळ लावून बसायचा आणि आईचा ओरडा खायचा. एका उन्हाळ्यात तीनदा दूध नासलं, पण हात तयार झाला. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, आणि त्याच्या घरात ताप मोजायचं यंत्र असं कधी आलंच नाही. मुलगी कण्हायला लागली की बायको त्याला हाक मारायची, तो कपाळावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "शंभराच्या वर आहे, एकशे एकाला टेकला नाही." डॉक्टरांकडे नेल्यावर तसंच निघायचं. डॉक्टर एकदा हसून म्हणाले होते, तुम्ही आलात की माझं अर्धं काम होतं. मुलगी आता दूर राहते. मागच्या वर्षी तिला ताप आला तेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, मी फोन कपाळाला लावलाय, सांगा किती?" तो म्हणाला, "नव्व्याण्णव. आणि नाटक दोन अंश." दोघंही खूप हसले होते. ते आठवून आताही त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं, कारण ते हसू ज्या हातावर उभं होतं तो हात आता मनगटापासून पुढं दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता.

हे आजचं नव्हे, हे त्यालाही कळत होतं. माणूस स्वतःपासून काही गोष्टी अशा झाकून ठेवतो की झाकणारा आपणच होतो हेही विसरतो. हिवाळ्यात एकदा त्यानं अंघोळीच्या बादलीत हात घालून "झालंय" म्हटलं होतं आणि मागून बायकोनं बोट बुडवून किंकाळी फोडली होती. शर्टाची वरची दोन बटणं लावायला तो आरशासमोर जायला लागला होता. खिशातली किल्ली काढायची तर आधी आवाज करून बघायचा. बोटांना मुंग्या येतात, वय झालं, थंडी आहे, रात्री हात अंगाखाली येतो, अशी चार कारणं त्यानं हाताशी ठेवली होती आणि आळीपाळीनं वापरत होता. पण काम चालू होतं. मास्तर "बस" म्हणत होते आणि व्हॉल्व्ह बंद होत होते. आता गच्चीवर उभं राहून तो ती सगळी कामं एकेक करून आठवू लागला. दवाखान्यातलं, जिथं औषधं ठेवतात ते. चपलांच्या दुकानातलं. शाळेच्या सभागृहातलं. याच गच्चीवरचं दुसरं यंत्र, तीन महिन्यांपूर्वी. प्रत्येक ठिकाणी त्यानं पाइप धरला होता आणि बस म्हटलं होतं. खरंच हाताला कळलं होतं, की कळायला हवं तेवढा वेळ झाला म्हणून म्हटलं होतं? त्याला आठवेना. दवाखान्यातलं यंत्र आठवलं तेव्हा तो समोरच्या यंत्राच्या कडेला टेकून बसला.

तेवढ्यात ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "वर काय चाललंय हो? इथं वाचक वर्तमानपत्रानं वारा घेतायत, वाचत कुणीच नाही." "होतंय बाई, अर्धा तास," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला नवल वाटलं. जोडीदारीण उठली, कमरेत वाकून सरळ झाली. "मी खाली जाऊन जाळीतून हवा कशी येतेय ते बघून येते," ती म्हणाली, "तुम्ही जरा सावलीत बसा." ती जिन्यानं खाली गेली. पाच वर्षं ती त्याच्याबरोबर होती. चाळिशीला आलेली, दोन पोरांची आई, प्रत्येक गोष्ट वहीत लिहिणारी. त्यावरून तो तिला वहीवाली म्हणायचा. काम झालं की ती यंत्राला तारेनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. त्यावर तारीख, किती गॅस, किती दाब, सगळं लिहायची आणि वर प्लास्टिकची पिशवी चढवायची. तो चिडवायचा, "आता त्याला झबलं-टोपडं पण शिव." त्यानं ती चिठ्ठी कधी वाचली नव्हती. त्याची चिठ्ठी त्याच्या तळव्यात होती.

सावलीत बसायच्या ऐवजी तो दुसऱ्या यंत्रापाशी गेला. ते ठणठणीत चालू होतं. त्याचा पाइप धरून बघावा, निदान काहीतरी ओळखीचं लागेल, असं त्याच्या मनात होतं. काळं वेष्टण मागं सरकवून त्यानं पाइप धरला, तर तिथंही तेच, काठी. मग नजर चिठ्ठीवर गेली. पिशवीवर धूळ बसली होती, ती त्यानं अंगठ्यानं पुसली. वर तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती, ते दोघं आले होते त्या दिवसाची. खाली तीन दिवसांनंतरची दुसरी तारीख होती आणि त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा तपासला. चारशे ग्रॅम जास्त होता. काढून घेतला. आता ठीक.' त्यानं ते दोनदा वाचलं. तीन दिवसांनी इथं कोण आलं होतं? तो तर आला नव्हता. मग त्याला तो दिवस आठवला. तिनं अर्धी रजा मागितली होती, धाकट्याची दाढ किडलीय, दंतवैद्याकडे न्यायचंय म्हणून. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. चौथ्यांदा मागितली तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, "अगं, तुझ्या पोराला दात आहेत तरी किती?" ती हसली होती आणि सायकलला अवजारांची पिशवी अडकवून निघून गेली होती. दंतवैद्याकडे जाताना अवजारांची पिशवी कशाला लागते, हे त्याच्या तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

तो तिथंच, दोन यंत्रांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, भिंतीला पाठ लावून खाली बसला. चार अर्ध्या रजा. दवाखाना, चपलांचं दुकान, शाळा, आणि हे. त्यानं बोटांवर हिशेब केला तो बरोबर जमला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला खरा, पण लगेच कान गरम झाले. म्हणजे हिला माहीत होतं. तीन महिने माहीत होतं. तो रुबाबात बस म्हणत होता, ती मान डोलावून चकती फिरवत होती आणि नंतर भर दुपारी स्वतःच्या वेळात येऊन त्याची चूक काढून नेत होती. त्याला राग यायला हवा होता. त्यानं रागाची थोडी वाट पाहिली. पण राग आला नाही, त्याच्या जागी भलतीच गोष्ट आली. कप. गेल्या हिवाळ्यापासून बायको त्याला चहा कानाच्या कपात देत होती. घरात सगळे पेल्यातून चहा घेतात, ती स्वतःही पेल्यातूनच घेते. त्याच्यासाठी मात्र एक निळा, कान असलेला कप एके दिवशी आला. "हे काय, पाहुणा आहे का मी?" असं त्यानं विचारलं होतं. "असू दे, बाजारात आवडला," ती म्हणाली होती आणि दुधाकडे बघायला गेली होती. त्याच्या आदल्या दिवशी आपण उकळत्या चहाचा पेला मुठीत धरून पेपर वाचत बसलो होतो आणि नंतर तळव्याला फोड आला होता, हे त्याला आता आठवलं. तिनं फोडाला मलम लावलं होतं. कशानं आला ते विचारलं नव्हतं.

तापलेल्या सिमेंटवर बसल्या बसल्या त्याला उस्ताद दिसू लागला. शेवटच्या काही वर्षांतला, पोट सुटलेला, गच्चीवर चढताना धापा टाकणारा उस्ताद. तेव्हा त्याची एक सवय झाली होती. सगळं जोडून व्हायचं, गॅस भरत यायचा, आणि नेमकं पाइपाला हात लावायच्या वेळेला उस्ताद मागं सरकायचा. "तू बघ रे जरा, माझा चहा निवतोय," म्हणायचा. थर्मासच्या झाकणातला चहा हातात घेऊन तो पाठमोरा उभा राहायचा आणि याला "बस" म्हणायला लागायचं. याला वाटायचं, आपल्याला शिकवायची ही उस्तादाची रीत. एरवी मित्रांत तो त्याची टिंगलही करायचा, की आमच्या उस्तादाचा चहा बरोबर गॅस भरायच्या वेळी निवतो. उस्तादानं आयुष्यभर हातमोज्यांशिवाय काम केलं होतं, पातळ गॅस कितीदा तरी त्याच्या हातांवर उडाला होता, बोटांची टोकं पांढुरकी आणि गुळगुळीत झाली होती. तो किल्ली कधी स्वतः लावायचा नाही. शर्टाची वरची बटणं उघडीच असायची. हे सगळं पोरानं रोज बघितलं होतं आणि काही पाहिलं नव्हतं. शेवटी अंथरुणावर असताना उस्तादानं त्याचा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ तसाच ठेवला होता आणि म्हणाला होता, "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला." ते वाक्य त्यानं प्रशस्तिपत्रासारखं जपलं होतं, चार लोकांत सांगितलं होतं. आज पहिल्यांदा त्याला कळलं की उस्ताद शाबासकी देत नव्हता. तो आभार मानत होता. सात-आठ वर्षं हा पोरगा आपल्या हाताच्या जागी उभा राहिला आणि त्याला ते माहीतसुद्धा नाही, याबद्दल तो आभार मानत होता, आणि ते उघड बोलायची त्याला शेवटपर्यंत लाज वाटली होती. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. ते गालावर कोमट लागलं. गाल शाबूत होता एकूण.

जिन्यावर पावलं वाजली. ती वर आली, त्याला यंत्राजवळ न पाहून जरा दचकली, मग दोन यंत्रांच्या फटीत बसलेला पाहून जवळ आली. चिठ्ठीवरची पुसलेली धूळ तिनं पाहिली आणि ती जागीच थांबली. 

"तुझ्या धाकट्याच्या दाढा कशा आहेत?" त्यानं विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "एकदम चांगल्या आहेत, मास्तर. किडल्याच नव्हत्या कधी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगायला आले होते." ती त्याच्यासमोर खाली बसली. "मग वाटलं, सांगितलं की तुम्ही दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार. तुमचा स्वभाव माहीत नाही का मला?"

"बसलोच असतो."

"मग? मी अजून शिकतेय. आवाजावरून यंत्राचं दुखणं मला कुठं कळतं? काल चीर तुम्हीच हुडकलीत, मी त्याच जोडावरून दोनदा फेस फिरवून गेले होते." तिनं ओढणीनं कपाळ पुसलं. "आणि त्या हॉटेलातलं आठवतंय का? माझा पहिला आठवडा. तो मॅनेजर म्हणाला होता, गॅस काय बाई भरणार?"

त्याला आठवत होतं. तो म्हणाला होता, "बाई भरणार. मी चहा पिणार." आणि खरंच खुर्चीवर बसून त्यानं दोन चहा प्यायले होते. ती आत होज, म्हणजे गॅसची रबरी नळी, जोडत होती.

"चारशे ग्रॅम," तो म्हणाला. "फार झाले गं."

"दवाखान्यात शंभरच होते," ती घाईनं म्हणाली. "शाळेत तर बरोबर निघाला. मी उगाच गेले."

तो हसला. हसताना आपला खांदा हलतोय हे त्याला जाणवलं आणि तेही बरं वाटलं. मग त्यानं दोन्ही हात तिच्यापुढं पालथे-उलथे करून धरले, दुकानदारानं परत घ्यावं म्हणून नापसंत कापड पुढं करावं तसे. "मला कळत नाही," तो म्हणाला. "गार-गरम काहीच कळत नाही. मघाशी धरला तेव्हा काठी वाटली. घरी सांगितलं नाही अजून, पण बायकोलाही माहीत आहे. आज सांगेन, डॉक्टरकडेही जाईन." एवढं बोलायला त्याला धाप लागली. वाक्य संपल्यावर मात्र काहीच कोसळलं नाही. बाजूची तीन यंत्रं घुमत होती. ती त्याच्या हातांकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "चला," ती म्हणाली, "खाली लोक वर्तमानपत्रं फाडायला लागलेत."

या वेळी व्हॉल्व्हपाशी तो बसला. चकती डोळ्यांनी बघत किती फिरवायची ते त्याला येत होतं. तिनं वेष्टण मागं सरकवलं, खिशातून चिमट्याचा तापमापक काढून पाइपाला लावायला घेतला. "तो लाव," तो म्हणाला, "पण आधी हात लाव. आकडा मागून बघ." तिनं मूठ वळली, डोळे मिटले. "काय सांगतो?" "गार आहे." "गार सगळंच असतं. दुधाचं पातेलं, फ्रिजमधून काढून किती मिनिटं झाली?" ती डोळे मिटूनच थोडं थांबली. "नऊ-दहा," ती म्हणाली. "मग अजून हवाय." त्यानं चकती अगदी बेतानं उघडली. होज थरथरला, काट्यावरचे ग्रॅम एकेक करून सरकू लागले. त्यानं आठ किलो सातशे पाहिले, मग साडेसातशे, आणि त्याला आपल्या तळव्यात जुनी सवय जागी होऊन पाइपाकडे ओढ घेताना जाणवली. त्यानं ती ओढ तशीच ठेवली, हात मात्र चकतीवरच राहू दिला. "सात," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "सहा असेल." तिच्या मनगटावरून एक थेंब कोपराकडे निघाला. पाठमोऱ्या उस्तादाला त्या काळी काय काय ऐकू येत असेल, ते आता त्याला ऐकू येत होतं. यंत्राचा सूर जडावत होता, आणि मागं एक दुसरं माणूस नीट श्वास रोखून उभं होतं. फरक एवढाच की त्याच्या हातात चहा नव्हता आणि त्याला पाठ फिरवायची गरज नव्हती.

"बस," ती म्हणाली.

त्यानं चकती बंद केली. मग तिनं तापमापकाचा चिमटा लावला, दोघांनी दाब बघितला, तिनं वहीतला तक्ता काढून वजाबाकी केली आणि वही त्याच्यापुढं धरली. आकडा जिथं पडायला हवा तिथंच पडला होता. "पाच मिनिटं," तो म्हणाला. तिनं नवी चिठ्ठी लिहिली आणि सही करायच्या ओळीवर पेन थांबवलं, कारण तिथं ती नेहमी त्याचं नाव लिहायची. त्यानं पेन मागून घेतलं, डोळ्यांनी बोटं नीट लावली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं. "अक्षर मास्तरांसारखं नाही तुमचं," ती म्हणाली. "पहिलीच चिठ्ठी आहे माझी," तो म्हणाला.

खाली दालनात गेले तेव्हा तिथं कुणी मान वर करून बघितलं नाही. वर्तमानपत्रं पुन्हा टेबलांवर आडवी झाली होती, एक म्हातारे गृहस्थ शर्टाची बाही खाली करून बटण लावत होते, आणि सगळीकडे पानं उलटल्याचा आवाज होता. हा आवाज त्याला फार आवडायचा. आपलं काम झालं याची याहून चांगली पावती त्याला कधी मिळाली नव्हती. ग्रंथपाल बाईंनी त्यांना आपल्या छोट्या खोलीत बसवलं आणि दोन पेल्यांत चहा दिला, वाफाळता. त्याचा हात सवयीनं पेल्याकडे गेला. तिनं आपला हात मध्ये आणून पेला टेबलाच्या तिच्या बाजूला ओढला आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाई पंख्याबद्दल, बिलाबद्दल, गेल्या उन्हाळ्याबद्दल बोलत होत्या. तो त्यांना हो हो म्हणत होता आणि पेल्यावरच्या वाफेकडे बघत होता. थोड्या वेळानं तिनं पेल्याला दोन बोटं लावून पाहिली.

"आता घ्या," ती म्हणाली.

त्यानं पेला दोन्ही हातांत धरला आणि चहा प्यायला.